शरीराची दोन वर्षांची नोटीस

पहिली पाळी अचानक आली, असं बहुतेक बायका सांगतात. कुणाला सहामाही परीक्षेच्या पेपरात, कुणाला मामाच्या गावी, कुणाला लग्नाच्या हॉलमध्ये. मुलीच्या बाजूने ते खरंच आहे. शरीराच्या बाजूने पाहिलं तर मात्र पाळीइतकी आधीपासून कळवून येणारी गोष्ट शोधून सापडणार नाही. साधारण दोन ते अडीच वर्षं आधी पहिली खूण दिसते. स्तनाग्राच्या खाली बोराच्या बीएवढी गाठ हाताला लागते. बऱ्याचदा ती आधी एकाच बाजूला येते आणि दाबली की दुखते. मग आई घाबरते, मुलीला डॉक्टरकडे नेते आणि 'काही नाही, वयात येतेय' हे ऐकून परत येते. घरी येताना वाटेत शमीज घेतली जाते. विषय तिथेच संपतो. खरं म्हणजे तो तिथून सुरू व्हायला हवा.

त्यानंतरच्या खुणाही बऱ्यापैकी ठरलेल्या क्रमाने येतात. जांघेत आणि काखेत केस येतात, घामाला वास येऊ लागतो. उंची झपाझप वाढते. जूनमध्ये घेतलेला शाळेचा स्कर्ट दिवाळीपर्यंत आखूड होतो. हा वाढीचा जोर पाळीच्या आधीचा असतो. पाळी सुरू झाल्यावर उंची वाढायची थांबत नाही, पण वेग मंदावतो. पुढे साधारण पाच-सात सेंटिमीटर वाढ उरते. शेवटची खूण सगळ्यांत उपयोगाची आणि सगळ्यांत दुर्लक्षित. पहिल्या पाळीच्या आधी सहा महिने ते वर्षभर चड्डीवर पांढरट, पातळसर डाग दिसू लागतात. त्याला घाण वास नसतो, खाज नसते. आपल्याकडे 'अंगावरून पांढरं जाणं' म्हटलं की अशक्तपणा आणि हाडं झिजणं असलं काहीतरी मनात येतं, म्हणून मुलगी ते लपवते आणि आई काढ्याच्या मागे लागते. या वयात तो आजार नव्हे. शरीर सांगत असतं की आता फार दिवस उरलेले नाहीत. हे डाग दिसले की दप्तरात पॅड ठेवायची वेळ झाली, असं समजावं.

वयाचं म्हणाल तर आपल्याकडे बहुतेक मुलींना बारा-तेराच्या आसपास पाळी येते. नऊ पूर्ण झाल्यावर आली तरी ती नेहमीच्या मर्यादेत बसते आणि पंधरापर्यंत आली नाही तरी लगेच काळजीचं कारण नसतं. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या अनेक देशांत हे वय सोळा-सतराच्या घरात होतं. पोटभर अन्न मिळू लागलं, लहानपणचे आजार कमी झाले, तसं ते खाली आलं. पाळी सुरू करण्याआधी मेंदू अंगातल्या चरबीचा साठा पाहतो, हे यामागचं एक कारण. 'आमच्या वेळी इतक्या लवकर नव्हतं' असं आजी म्हणते, ती अगदी चुकत नाही. फक्त त्याचा दोष टीव्हीवर, मोबाइलवर आणि मुलीच्या विचारांवर ढकलते, ते सोडून द्यावं.

एवढ्या आगाऊ सूचना मिळूनही आपण मुलींना काय सांगतो? भारतातल्या किशोरवयीन मुलींवरच्या १३८ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ९७ हजार मुलींची माहिती होती. पाळी येण्याआधी त्याविषयी काही ठाऊक असलेल्या मुली निम्म्याहूनही थोड्या कमी, ४८ टक्के निघाल्या. म्हणजे उरलेल्या निम्म्या मुलींनी पहिल्यांदा रक्त पाहिलं तेव्हा त्यांच्याजवळ त्याचं कुठलंच स्पष्टीकरण नव्हतं. आपल्याला कॅन्सर झाला, पोटात काही फुटलं, सायकलवरून पडल्यावर आत लागलं असेल, असं मुलींना वाटतं. दहा-अकरा वर्षांच्या मुलीने रक्त पाहून असा निष्कर्ष काढला तर तिच्या तर्कात काही चूक नाही. चुकलेलो असतो आपण.

शाळेचं वेळापत्रकही उशिराचं असतं. सातवी-आठवीत एक दिवस मुलांना मैदानावर पिटाळतात, मुलींना हॉलमध्ये बसवतात, डॉक्टरीण बाई किंवा पॅडच्या कंपनीच्या ताई येतात, पडद्यावर गर्भाशयाचं चित्र दिसतं आणि जाताना प्रत्येकीच्या हातात एक पाकीट पडतं. आठवीच्या त्या हॉलमधल्या बऱ्याच मुलींना पाळी येऊन वर्ष झालेलं असतं. ज्यांना चौथी-पाचवीत कळायला हवं होतं, त्या खालच्या वर्गात पाढे म्हणत असतात. माझं म्हणणं सरळ आहे. आठव्या वर्षी पाळी हा शब्द कानावर पडलेला असावा आणि दहाव्या वर्षी पॅड हाताळून झालेलं असावं.

आईला अडचण असते ती सुरुवातीची. 'आज तुला एक महत्त्वाचं सांगायचंय' म्हणत दार लावून बसलं की मुलगी आधीच घाबरते. शिवाय एका बैठकीत सगळं सांगून मोकळं व्हायचं म्हटलं की आईचाही घसा कोरडा पडतो. त्याची गरज नाही. विषय घरात पडलेलाच असतो. मुलीला कपाटात पाकीट सापडतं किंवा टीव्हीवर जाहिरात लागते.

'आई, हे काय आहे?'

'पॅड.'

'कशाला असतं?'

'मोठ्या मुलींना आणि बायकांना महिन्यातले काही दिवस अंगातून थोडं रक्त जातं. ते टिपायला.'

'लागतं का कुठे?'

'लागत नाही. जखम नसते ती. कधी कधी पोट दुखतं, तेवढंच.'

'मला पण होणार?'

'होणार. पण अजून वेळ आहे, आणि त्याआधी मी तुला सगळं शिकवणार आहे.'

पहिल्या दिवसाला एवढं पुरे. पुढचा प्रश्न चार दिवसांनी येईल, नाहीतर चार महिन्यांनी, बहुधा रिक्षात किंवा पाहुण्यांसमोर. 'कावळा शिवला' असं सांगून वेळ मारून नेलेली मुलगी मात्र कावळा शोधत खिडकीशी जाते, आणि पुढे खरी शंका आली की आईकडे येत नाही. जाहिरातींचीही एक गंमत आहे. वर्षानुवर्षं त्यांनी पॅडवर निळं पाणी ओतून दाखवलं. रक्त निळं असतं का, असं विचारणाऱ्या मुली मला भेटल्या आहेत.

आता नेमकं काय सांगायचं? पोटाच्या खालच्या भागात गर्भाशय असतं, मुलीच्या मुठीहूनही लहान. त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक बीजांडकोश. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी वयात येताना बीजांडकोशांना जागं करते. मग ते इस्ट्रोजेन नावाचं हार्मोन सोडू लागतात आणि त्यामुळे गर्भाशयाच्या आतलं अस्तर जाड होत जातं. पुढे कधी बाळ राहायचं असेल तर त्यासाठी ही तयारी. बाळ नसतं, तेव्हा अस्तर सुटून थोड्या रक्ताबरोबर बाहेर पडतं आणि नवं तयार होऊ लागतं. नऊ वर्षांच्या मुलीला एवढं कळतं. ते खराब रक्त नसतं, साठलेली घाण नसते, उष्णता बाहेर पडत नसते. 'अंगातलं वाईट रक्त जातं' असं शिकलेल्या मुलीला रक्त कमी गेलं तरी काळजी वाटते आणि जास्त गेलं तरी बरं वाटतं. दोन्ही चूक.

ते कुठून येतं, हेही सांगावं लागतं. रक्त लघवीतून येतं असं समजणाऱ्या मुली खूप आहेत, मोठ्या बायकाही आहेत. लघवीची जागा वेगळी, शौचाची वेगळी आणि त्या दोन्हींच्या मधली योनीची जागा तिसरी. पाळी तिथून येते. एक साधी आकृती काढून हे दोन मिनिटांत सांगता येतं. हात, पाय, नाक यांची नावं आपण ज्या आवाजात सांगतो, त्याच आवाजात ही नावं सांगितली की मुलगी हसत नाही आणि लाजतही नाही. धुण्याची पद्धत तेव्हाच सांगून टाकावी. साधं पाणी, हात पुढून मागे, आत साबण नाही.

मुलींना सगळ्यांत जास्त धास्ती असते ती रक्ताच्या प्रमाणाची. इथे बोलण्यापेक्षा दाखवणं बरं. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर मापाचं प्लॅस्टिकचं टोपण असतं, दहा मिलिलिटरचं. अशी तीन किंवा चार टोपणं पाणी एका वाटीत ओतावं. सबंध पाळीत, म्हणजे चार-पाच दिवसांत मिळून, साधारण एवढंच रक्त जातं. ३० ते ४० मिलिलिटर. वाटीचा तळ जेमतेम झाकला जातो. मग त्याच पाण्यात थोडा लाल रंग घालून ते एखाद्या जुन्या पांढऱ्या कापडावर ओतावं आणि ते केवढं पसरतं ते पाहू द्यावं. डाग मोठा दिसतो, रक्त थोडं असतं, हे मुलीला स्वतःच्या डोळ्यांनी कळतं. ८० मिलिलिटरच्या वर जाऊ लागलं तर डॉक्टर त्याला जास्त रक्तस्राव म्हणतात.

आणखी एक. पहिली पाळी पुष्कळदा लाल नसतेच. चड्डीवर चॉकलेटी किंवा काळपट चिकट डाग दिसतो. ज्या मुलीला 'रक्त येईल' एवढंच सांगितलेलं असतं तिला तो शीचा डाग वाटतो. ती चड्डी धुते, बदलते, पुन्हा डाग दिसतो, पुन्हा धुते आणि दिवसभर गप्प राहते. म्हणून रंगाचं आवर्जून सांगावं. रक्त हळूहळू आलं, हवेत राहिलं की तपकिरी होतं.

यानंतर पॅड. पाकीट मुलीलाच फोडू द्यावं. पॅडचं आवरण काढलं की मागे चिकट पट्टी असते, तिच्यावरचा कागद सोलायचा. चिकट बाजू चड्डीला आणि मऊ बाजू अंगाला. मोठ्यांना हे सांगण्यासारखं वाटत नाही, पण चिकट बाजू अंगाकडे ठेवून दिवस काढलेल्या मुली असतात, आणि काढताना काय होतं ते त्यांनाच विचारावं. पंख असतील तर ते चड्डीच्या कडेवरून खाली दुमडायचे. पॅड फार पुढे किंवा फार मागे लागलं तर डाग पडतो, म्हणून चड्डी गुडघ्यापर्यंत खाली घेऊन, बसूनच लावायचं. हे एकदा दाखवावं आणि एकदा तिला करायला लावावं. मग ते पॅड लावून घरात दोन तास हिंडू द्यावं, जिना चढू-उतरू द्यावा. चालताना खरखर होते का, बाहेरून दिसतं का, पडेल का, हे तिचे प्रश्न तिथल्या तिथे सुटतात. रक्त कमी असलं तरी चार ते सहा तासांनी बदलायचं. बदलताना आधी आणि नंतर हात धुवायचे.

कापड वापरणाऱ्या घरात लाजायचं कारण नाही. स्वच्छ सुती कापड चांगलं असतं. खोट असते ती ते वाळवण्यात. गार पाण्यात भिजवून साबणाने धुतलेली घडी उन्हात पडली तर प्रश्न मिटला. पण ती गादीखाली, पत्र्याच्या मागे, दुसऱ्या कपड्यांच्या आड ओलसर सुकते, कारण कुणाला दिसता कामा नये. जंतूंना तेवढं पुरतं. दोरीवर चड्डी-बनियन वाळतात, तिथेच ही घडी वाळायला हरकत कोणाची?

दप्तरात ठेवायचं पाऊच मुलीने स्वतः भरावं: दोन पॅड, एक चड्डी, वर्तमानपत्राचे दोन तुकडे आणि डागाळलेली चड्डी घालायला एक पिशवी. यातलं एक पॅड मैत्रिणीला द्यायला असतं, हेही सांगावं. आणि शाळेत झालं तर काय, याची तालीम करावी. कुणाला सांगशील? कोणत्या बाईंना? काय म्हणशील? 'बाई, मला पाळी आली आहे' हे वाक्य तिने घरात एकदा मोठ्याने उच्चारलेलं असलं की वर्गात ते तोंडातून निघतं. फ्रॉकवर डाग पडला तर स्वेटर कमरेला बांधायचा. कपड्यावरचा डाग गार पाण्याने धुवायचा. गरम पाण्याने तो पक्का होतो.

वापरलेलं पॅड गुंडाळून, कागदात बांधून सुक्या-ओल्या कचऱ्यापासून वेगळं द्यायचं. संडासात टाकायचं नाही, पाइप तुंबतो. पुण्यात 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था आहे. तिने २०१७ मध्ये साधी कल्पना मांडली: कागदात गुंडाळलेल्या पुडीवर लाल ठिपका काढा, म्हणजे कचरा वेगळा करणाऱ्या बाईला ती हाताने उघडावी लागणार नाही. असं शिकलेल्या मुलीला आपल्या पुडीच्या पलीकडे दुसरी एक बाई उभी आहे हेही कळतं.

पैशाचा प्रश्न अर्थात आहेच. आशाताईंकडे सहा पॅडचं पाकीट सहा रुपयांना मिळण्याची केंद्राची योजना आहे. २०१८ च्या महिला दिनी महाराष्ट्र सरकारने 'अस्मिता' योजना आणली. जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या ११ ते १९ वयाच्या मुलींना तेव्हा आठ पॅड पाच रुपयांत मिळत, विक्री बचत गटांकडून होई. योजना जाहीर झाली म्हणून पाकीट गावात येतंच असं नाही, तेव्हा आशाताईंना आणि शाळेत विचारत राहणं, हेही आईच्या तयारीत धरावं. आणि दुकानदार ते पाकीट वर्तमानपत्रात बांधून वर काळी पिशवी घालतो, तेव्हा मुलगी शेजारी उभी असेल तर 'पिशवी नको' म्हणावं. साबण, पेस्ट यांच्याबरोबर तेही त्याच पिशवीत बसतं.

इथवर सोपं आहे. अवघड भाग घरातल्या शिवाशिवीचा. देवघरात जायचं नाही, तुळशीला पाणी घालायचं नाही, लोणच्याच्या बरणीला हात लावायचा नाही. हे नियम आता पुष्कळ घरांत सैल झालेत, तरी गौरी-गणपतीत ते पुन्हा डोकं वर काढतात. सणाच्या आधी औषधांच्या दुकानांत पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या खपतात आणि त्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलींच्याही हातावर ठेवल्या जातात. नुकती सुरू झालेली पाळी आधीच अनियमित असते. तिच्यात डॉक्टरांना न विचारता हार्मोनची गोळी घालणं हा शुद्ध अडाणीपणा आहे, मग घर कितीही शिकलेलं असो. आजीशी भांडण काढावं की नाही, हे प्रत्येक घराने ठरवावं. मुलीला मात्र एक गोष्ट स्वच्छ सांगितलेली असावी. हे नियम माणसांनी केलेले आहेत, तिच्या रक्तात अपवित्र असं काही नाही. लोणचं ओल्या चमच्याने नासतं. चमचा कोणाच्या हातात आहे याच्याशी बुरशीला कर्तव्य नसतं.

दूर बसवण्याची रीत गडचिरोलीतल्या माडिया गोंड वस्त्यांत आजही आहे. तिथे पाळीचे दिवस बाया गावाच्या कडेच्या कुर्माघर नावाच्या झोपडीत काढतात. अलीकडे काही ठिकाणी मोडक्या झोपडीच्या जागी खाटा, पाणी आणि संडास असलेल्या पक्क्या खोल्या झाल्या आहेत. साप, पाऊस, अंधार यांतून सुटका होते हे खरंच मोठं आहे. पण पक्क्या भिंतींनी प्रथाही पक्की होईल, ही शंका घेणाऱ्यांचंही ऐकायला हवं.

मागे वळून पाहिलं तर महाराष्ट्रात पहिली पाळी लपवत नसत. उलट ती सगळ्या आळीला कळत असे. मुलगी लग्न होऊन सासरी असे. तिला न्हाण आलं की मखर सजे, ओटी भरली जाई, गोडधोडाची ताटं येत. गाणी, हळद-कुंकू, हौस सगळं असे. आणि त्यानंतर गर्भाधान. म्हणजे त्या पोरीच्या शरीराला नवरा आता हात लावू शकतो, याची ती जाहीर दवंडी असे. १८९१ साली संमतिवयाचा कायदा आला, मुलीचं संमतीचं वय दहावरून बारावर नेलं, तेव्हा केवढं रान उठलं. विरोधकांचा युक्तिवाद हाच होता की बाराच्या आत ऋतू प्राप्त झाला तर गर्भाधान कसं टाळायचं? लोकमान्य टिळक सरकारने यात पडू नये या बाजूचे होते. आज काही घरांत पहिल्या पाळीला केक आणतात, कुठे साडी नेसवून फोटो काढतात. हौसेला माझा विरोध नाही. फक्त मुलीला विचारावं. अकरा वर्षांच्या मुलीला आपलं शरीर कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गाजवायचं नसेल, तर मखर काय आणि केक काय, सारखेच.

'आता जपून राहा' हे पहिल्या पाळीनंतर मुलीच्या कानावर पडणारं बहुधा पहिलं वाक्य असतं. कशापासून जपायचं हे कोणी सांगत नाही. मुलगी मग स्वतःच अर्थ लावते: झाडावर चढायचं नाही, मुलांशी बोलायचं नाही, कुणी हात धरला तर दिवस जातात. त्यापेक्षा खरं सांगावं. शरीर आता गर्भ राहू शकेल अशा वयाला आलं आहे. तो हात धरल्याने किंवा शेजारी बसल्याने राहत नाही, शरीरसंबंधाने राहतो. आणि तिच्या इच्छेविरुद्ध कोणीही अंगाला हात लावला, तो नात्यातला असला तरी, ते आईला सांगायचं, दोष तिचा नसतो. र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिकात लैंगिक विषयांवर सरळ मराठीत लिहीत होते. त्यावरून त्यांच्यावर खटले झाले. शंभर वर्षं होत आली तरी आपण अजून 'जपून राहा'वरच आहोत.

घरातल्या पुरुषांना यातून वगळणं किती महाग पडतं, त्याचं एक भयंकर उदाहरण उल्हासनगरचं आहे. मे २०२३ मध्ये तिथे बारा वर्षांच्या मुलीच्या कपड्यांवर रक्ताचे डाग दिसले. ती तिची पहिली पाळी होती आणि तिला स्वतःला त्याविषयी काही सांगता येईना. मोठ्या भावाने शरीरसंबंधाचा संशय घेतला आणि तिला मारहाण केली. त्यात ती गेली. तो माणूस तीस वर्षांचा होता. क्रौर्य त्याचं, त्याला माफी नाही. पण तीस वर्षांत कोणी त्याला ही माहिती दिलेली दिसत नाही, आणि त्या मुलीलाही नाही. म्हणून भावाला सांगायचं, बापाला सांगायचं, वर्गातल्या मुलांनाही मैदानावर न धाडता तिथेच बसवून सांगायचं. आई नसेल किंवा आई परगावी असेल तर बापाने शिकवावं. आत्या-मावशी येईपर्यंत थांबू नये. बाबांनी दुकानातून पॅड आणलं, ते कुठे ठेवलंय हे सांगितलं आणि पोट दुखताना गरम पाण्याची पिशवी भरून दिली, तर मुलीच्या बाजूने विषय निम्मा सुटतो.

काही मुलींना घरच नसतं असं नव्हे, पण घर हलतं असतं. दिवाळीनंतर बीडकडून ऊसतोडीला निघालेल्या जोडप्याबरोबर अकरा-बारा वर्षांची मुलगी असते. ती फडाजवळच्या कोपीत धाकट्या भावंडांना सांभाळते. आई पहाटे फडात जाते, रात्री परतते. संडास नाही, पाणी टँकरचं, आडोसा उसाचा. तिला पाळीची आकृती काढून दाखवणारं कोणी नसतं, आणि दाखवून तरी बदलायला जागा कुठली? आश्रमशाळेतल्या मुलीचं वेगळं. तिथे एखादी प्रेमळ अधीक्षिका असली तर मुली घरच्यांपेक्षा बऱ्या तयार होतात, नसली तर कपाटाची किल्ली कोणाकडे, एवढ्यावर सगळं अडतं. अशा ठिकाणी तयारी म्हणजे आधी कडी लागणारं दार, पाण्याची बादली, आणि न मागता मिळतील अशा जागी ठेवलेली पॅड.

मतिमंद मुलींबद्दल तर आपला इतिहास लाजेचा आहे. १९९४ साली शिरूरच्या संस्थेतल्या काही मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्यातल्या सरकारी रुग्णालयात काढून टाकण्यात आली. त्यांना पाळीतली स्वच्छता जमत नाही, हे कारण दिलं गेलं. देशभर निषेध झाल्यावर ते थांबलं. यातल्या पुष्कळ मुलींना शिकवता येतं. वेळ लागतो, पायऱ्या लहान कराव्या लागतात. चड्डीच्या आत पॅडच्या मापाची रेघ शिवून ठेवायची, म्हणजे कुठे चिकटवायचं ते दिसतं. पाळी यायच्या कितीतरी आधीपासून कोरडं पॅड रोज थोडा वेळ लावायची सवय करायची. रक्त पाहून भीती वाटू नये म्हणून आईने किंवा बहिणीने आपलं पॅड बदलताना दाखवायचं. आणि ही गोष्ट बंद दाराआडची आहे, हेही पुन्हा पुन्हा शिकवायचं.

पाळी एकदा आली की आईला हायसं वाटतं, मुलगी मात्र पुढच्या महिन्यात त्याच तारखेची वाट पाहू लागते. ती तारीख बहुधा चुकते. पहिली एक-दोन वर्षं बीजांडकोशातून दर महिन्याला बीज सुटतंच असं नाही, त्यामुळे पाळी २१ दिवसांनीही येते आणि ४५ दिवसांनीही. 'पुढची कधी येईल?' या प्रश्नाला 'नक्की सांगता येत नाही, म्हणून पाऊच भरलेलं ठेव' हे खरं उत्तर आहे. आईने 'दर महिन्याला येते' असं ठासून सांगितलेलं असलं तर पन्नासाव्या दिवशी मुलगी काय काय कल्पना करेल याचा नेम नाही. पोटदुखीचंही असंच. पहिल्या काही पाळ्या बिनदुखत्या जातात आणि सहा महिन्यांनी, वर्षाने बीज सुटू लागलं की दुखणं सुरू होतं, कारण तेव्हा अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं जास्त तयार होतात आणि गर्भाशय पिळवटतं. गरम पाण्याची पिशवी, थोडं चालणं, आणि गरज पडली तर डॉक्टरांनी सांगितलेली आयब्युप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिडची गोळी काही खाऊन घ्यावी. 'बाईच्या जन्माला आलीस, सोसायची सवय कर' हे औषध नव्हे. दुखण्यापायी शाळा बुडत असेल तर ते तपासायलाच हवं.

रक्ताची कमतरता हा आपल्याकडचा जुना रोग. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वयाच्या पाच मुलींपैकी जवळपास तीन मुलींचं हिमोग्लोबिन कमी होतं. शाळेत आठवड्याला एक निळी गोळी मिळते, त्यात ६० मिलिग्रॅम लोह असतं. ती रिकाम्या पोटी घेतली की मळमळतं, म्हणून मुली खिडकीतून टाकतात. जेवून घ्यावी, वर चहा पिऊ नये, शी काळी झाली तर घाबरू नये.

स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असतंच. दुधाचे खाडे जिथे लिहितो, तिथेच पाळीच्या पहिल्या दिवशी खूण करायला मुलीला शिकवावं. एका पहिल्या दिवसापासून पुढच्या पहिल्या दिवसापर्यंत मोजायचं. सहा-आठ खुणा झाल्या की डॉक्टरला दाखवायला तेवढी नोंद पुरते. सलग तीन महिने खूण नसेल, पाळी आठ दिवसांच्या पुढे जात असेल, तासा-दोन तासाला पॅड भिजत असेल, तर डॉक्टरकडे जायचं. पहिल्याच पाळीपासून असं धो-धो जाणाऱ्या काही मुलींना रक्त गोठण्याचा आजार असतो आणि तो याच वेळी पहिल्यांदा ध्यानात येतो. तसंच आठच्या आत स्तनांची वाढ सुरू झाली, तेरापर्यंत अजिबात झाली नाही, किंवा पंधरा पूर्ण होऊनही पाळी आली नाही, तरीही दाखवावं. आणि एखादीची सगळी वाढ झालेली आहे, पाळी मात्र येत नाही, पण दर महिन्याला ठरावीक दिवशी ओटीपोटात कळा येतात, असं असेल तर वाट पाहू नये. क्वचित योनीचं तोंड पडद्याने पूर्ण बंद असतं आणि रक्त आतच साठत राहतं. छोट्या शस्त्रक्रियेने तो अडथळा निघतो आणि मुलगी दोन-चार दिवसांत शाळेत जाते.